चार मित्र, तीन शहरं, दहा रात्री: युरोपची पहिली सहल स्वतः आखणाऱ्यांसाठी

‘यंदा युरोप करायचाच’ असं ठरलं की ग्रुपवर तासाभरात यादी तयार होते. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, ॲमस्टरडॅम, आणि शेवटी कोणीतरी ‘प्राग पण भारी आहे म्हणे’ टाकतं. सुटी मात्र सगळ्यांची मिळून दहा-बारा दिवसांची. टूर कंपन्या एवढ्यात सात देश बसवतात, कारण त्यांची बस हॉटेलच्या दारात उभी असते, बॅगा दुसरं कोणी चढवतं आणि जेवण ठरलेल्या वेळी समोर येतं. यातलं काहीच तुमच्याकडे नसणार. म्हणून पहिल्या खेपेला शहरं कमी धरा, इतकंच माझं म्हणणं आहे. ते कसं जमवायचं, हे प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट या मार्गावरून सांगतो. तिन्ही शहरं एका रेल्वेमार्गावर आहेत, एका व्हिसावर होतात आणि पॅरिस किंवा झुरिकपेक्षा खिशाला बरीच हलकी पडतात.

आधी माणसं, मग नकाशा

चार जण हा सगळ्यात सोयीचा आकडा. टॅक्सीत मावतात, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावतात, रेल्वेत टेबलाभोवतीच्या चार सीट मिळतात. सहा झाले की जेवायला कुठे जायचं यावरच अर्धा तास जातो. आठ झाले की तुम्ही नकळत टूर मॅनेजर झालेला असता.

तिकिटाचं नाव काढण्याआधी सगळ्यांनी एकदा समोरासमोर बसा. ग्रुपवर ‘चालेल’, ‘डन’, अंगठा हे सगळं येतं, पण कोणाच्या मनात काय आहे ते कळत नाही. तीन गोष्टी उघड विचारा. विमान, व्हिसा, राहणं, फिरणं सगळं धरून जास्तीत जास्त किती पैसे घालायची तयारी आहे? सर्वांत कमी आकडा ज्याचा, तोच सगळ्यांचा आकडा धरायचा. त्याला ‘अरे ये रे, बघू नंतर’ म्हणून ओढू नका, तिथे रोज रात्री जेवणाच्या बिलावर ते निघतं. दुसरं, सकाळी आठला बाहेर पडणारे कोण आणि अकराला उठणारे कोण? तिसरं खाण्याचं: कोण शुद्ध शाकाहारी, कोणाला अंडं चालतं, आणि एखाद्या आठवड्यात कोणाचे उपास आहेत का.

आणि एक नियम आत्ताच करून टाका: दिवसा वेगळं फिरलं तरी चालेल, संध्याकाळी एकत्र जेवायचं. एकाला संग्रहालयात चार तास काढायचे असतात, दुसऱ्याला दुकानांत. दोघांना एकमेकांच्या मागे फरफटत नेलं की तिसऱ्या दिवशी अबोला ठरलेला.

शहरं नव्हे, रात्री मोजा

नवखी मंडळी दिवस मोजतात आणि तिथेच गणित चुकतं. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास. कागदावर वाटतं, सकाळी निघू, दुपारी फिरू. प्रत्यक्षात काय होतं बघा. दहाला खोली सोडायची, म्हणजे नऊपासून चौघांची आवराआवर. फरशीच्या दगडी रस्त्यावरून चाकांच्या बॅगा खडखडत ट्रामपर्यंत न्यायच्या. स्टेशनवर अर्धा तास आधी पोचायचं. तीनच्या सुमारास व्हिएन्नाला उतरलात की शहराच्या वाहतुकीचं तिकीट काढायचं, फ्लॅट शोधायचा, किल्ली असलेल्या छोट्या पेटीचा कोड ईमेलमधून हुडकायचा. बॅगा टाकून तोंड धुवून बाहेर पडेपर्यंत साडेचार. चार तासांच्या प्रवासाने पुरा दिवस खाल्ला. म्हणजे शहर बदलायचा प्रत्येक दिवस हिशेबात अर्धाच धरायचा, आणि दोनपेक्षा कमी रात्री कुठेच ठेवायच्या नाहीत.

या हिशेबाने आपला आराखडा असा: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट तीन. शुक्रवारी ऑफिस करून मध्यरात्रीनंतरचं विमान धरलं की शनिवारी प्राग. मंगळवारी व्हिएन्ना, पुढच्या शनिवारी बुडापेस्ट, आणि त्यानंतरच्या मंगळवारी परतीचं विमान. नोकरदाराला आठ दिवसांची रजा पुरते. यात आणखी एक फायदा आहे. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं आणि सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर. या आखणीत तुमचा रविवार व्हिएन्नात येतच नाही.

व्हिएन्नाच्या चार रात्रींतला एक दिवस मोकळा ठेवा. वाटलं तर तासाभराच्या रेल्वेवर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. नाही वाटलं तर झोपा. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाचे फोटो बघून ‘व्हिएन्नाहून एका दिवसात करू’ असं कोणीतरी म्हणेलच. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन. नको.

महिना कोणता? मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. सप्टेंबर हवेला उत्तम, फक्त त्या वर्षीचे गणपती कधी आहेत ते आधी कॅलेंडरात बघा, नाहीतर चौघांपैकी एकाच्या घरून नक्की नकार येतो.

विमान: एका शहरात उतरा, दुसऱ्यातून परत या

मुंबई-प्राग-मुंबई असं जाऊन-येऊन तिकीट काढलंत तर शेवटी बुडापेस्टहून सुमारे सात तासांची रेल्वे करून पुन्हा प्रागला यावं लागेल. तिकिटाच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो. तिथे मुंबई ते प्राग आणि बुडापेस्ट ते मुंबई असं एकाच बुकिंगमध्ये घाला. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्या आखाती कंपन्या तिन्ही शहरांत उतरतात, त्यामुळे किमतीत फार फरक पडत नाही. दोन सुटी एकेरी तिकिटं काढण्यापेक्षा हे बहुधा बरंच स्वस्त पडतं.

मात्र व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. व्हिसाच्या अर्जाला आरक्षण दाखवणं पुरतं.

व्हिसा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चेक प्रजासत्ताक (प्राग), ऑस्ट्रिया (व्हिएन्ना) आणि हंगेरी (बुडापेस्ट) हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. २०२५ च्या सुरुवातीला बल्गेरिया आणि रोमानिया पूर्णपणे आत आल्यावर या क्षेत्रात २९ देश झाले. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते तुम्ही ठरवत नाही, तुमच्या रात्री ठरवतात. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. आपल्या आखणीत व्हिएन्नाच्या चार रात्री आहेत, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. तीन-तीन-तीन केलं असतं तर चेक प्रजासत्ताकाकडे गेला असता.

म्हणूनच रात्री पक्क्या करण्याआधी कोणत्या देशाच्या अपॉइंटमेंट मिळतायत ते व्हिसा केंद्राच्या साइटवर बघून ठेवा. एप्रिल-मेमध्ये, शाळांच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, मुंबईच्या तारखा भराभर संपतात. व्हिएन्नाची तारीख मिळत नसेल आणि बुडापेस्टची मिळत असेल, तर एक रात्र तिकडे सरकवा आणि खरोखरच तिकडे राहा. अर्जात एक आणि प्रत्यक्षात दुसरं असलं प्रकरण करू नका. कोणीतरी एजंट ‘सगळे असंच करतात’ म्हणेल, त्याला हसून निरोप द्या.

वेळेचं गणित: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. सप्टेंबरची सहल असेल तर अर्ज मे-जूनमध्येच गेलेला बरा. फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. हे चौघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवून एकदा तपासा, तोंडी ‘हो हो, आहे’ वर जाऊ नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना आणि सगळ्या दिवसांना लागू पडणारा. बाकी साधारणपणे बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र, राहण्याची बुकिंगं आणि एक सरळ कव्हर लेटर. कव्हर लेटरमध्ये रोजचा मुक्काम तारखेसकट लिहा आणि चौघांच्या कागदांत तो तंतोतंत एकच असू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरलेली दिसली की शंका येते. पैसे असतील तर आधीपासून असू देत.

ग्रुपने जात असलात तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र आणि निकालही स्वतंत्र. चौघांपैकी एकाला नकार येऊ शकतो. तसं झालं तर काय करायचं, उरलेले तिघे जाणार की नाही, फ्लॅटचं भाडं कसं वाटून घ्यायचं, हे आधीच ठरवा. आणि तोवर राहण्याची सगळी बुकिंगं रद्द करता येण्याजोगीच ठेवा.

हा व्हिसा नीट वापरून वेळेत परतण्याचा पुढे फायदा होतो. २०२४ मध्ये भारतीयांसाठी आलेल्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळून ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो.

राहायचं कुठे

जुन्या शहराच्या अगदी मधोमध नको. मेट्रोच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर, मध्यापासून तीन-चार स्टेशनं लांब घ्या. भाडं कमी, रात्रीची झोप शांत. फ्लॅट घेताना लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत नसते, आणि तिकडे तळमजला शून्य धरतात. त्यात व्हिएन्नात मध्ये एखादा ‘मेझनीन’ मजला घुसवलेला असतो, म्हणजे जाहिरातीतला ‘तिसरा’ तुमच्या पायांना पाचवा वाटतो. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतलात तर सकाळचा चहा-पोहे घरीच होतात, त्याने दिवसाचा मूड आणि पैसे दोन्ही राहतात. शहराचा पर्यटक कर बऱ्याचदा भाड्यात धरलेला नसतो, वेगळा मागतात. ती फसवणूक नव्हे.

रेल्वे

हा प्रवासातला सगळ्यात सोपा भाग आहे. प्राग-व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना-बुडापेस्ट अडीच तासांच्या थोडं वर. दोनच प्रवासांसाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास, घेऊ नका, सुटी तिकिटं स्वस्त पडतात. चेक रेल्वे, ऑस्ट्रियाची ओबीबी किंवा पिवळ्या गाड्यांची रेजिओजेट, यांच्या साइटवर थेट काढा. आधी काढलेलं सवलतीचं तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली की तिकीट गेलं. व्हिसा आला की पहिलं काम हे.

आपल्याकडच्या सवयीने एक गोष्ट लक्षात येत नाही: ओबीबी किंवा चेक रेल्वेचं तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नाही. सीटचं आरक्षण वेगळं आणि थोड्या पैशांत होतं. चौघांनी टेबलाभोवतीच्या चार सीट घ्या. रेजिओजेटच्या तिकिटात सीट धरलेलीच असते. प्रागच्या मुख्य स्टेशनवर फलाटाचा नंबर गाडीच्या थोडाच वेळ आधी बोर्डावर झळकतो, तोवर सगळे मान वर करून उभे असतात. घाबरू नका. पासपोर्ट मोठ्या बॅगेत नको, अंगावर हवा. सीमा उघड्या असल्या तरी गाडीत पोलीस तपासू शकतात.

कशाचं तिकीट आधी काढायचं

फार थोड्याचं. बुडापेस्टचं संसद भवन फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं आणि जागा संपतात, ते आधी काढा. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याला वेळ ठरलेली तिकिटं असतात, तेही आधी. त्याची बाग मात्र फुकट आहे आणि मला राजवाड्यापेक्षा तीच जास्त आवडते. प्रागच्या किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या वास्तूंना आहे. १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत बघा, दहानंतर तिथे दादर स्टेशनचा पूल होतो. बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या सेचेनी स्नानगृहात अर्धा दिवस ठेवा, पोहायचे कपडे आणि चप्पल घरून न्या. बुडापेस्टची पिवळी एम-१ मेट्रो १८९६ ची आहे, तिच्यात बसणं हाच एक कार्यक्रम. दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते, ती अंधार पडल्यावर धरा. सप्टेंबर किंवा जून असेल तर व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याने बघायच्या जागा अगदी स्वस्तात मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो.

पैसे

ऑस्ट्रियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, त्यामुळे मुंबईहून थोडे युरो रोख आणि दोन वेगवेगळी कार्डं पुरतात. कोरुना-फोरिंट इथून नेऊ नका. रोख लागलीच तर तिथल्या बँकेच्या एटीएममधून काढा, रस्त्यावरच्या निळ्या-पिवळ्या खासगी यंत्रातून नको.

यंत्राच्या पडद्याकडे नीट बघा. वीस हजार फोरिंट मागितलेत की तो तुमच्या कार्डावरून देश ओळखतो आणि मोठ्या हिरव्या बटणावर रुपयांतली रक्कम दाखवतो, खाली बारीक अक्षरात ‘रूपांतराशिवाय पुढे’. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट हिरव्याकडे जातं, आणि यंत्राने मनाने लावलेला महाग दर तुमच्या माथी बसतो. खालचं बारीक बटण दाबा. दुकानातल्या कार्ड मशीननेही हेच विचारलं तर कायम स्थानिक चलन निवडा. प्रागमध्ये चलन बदलणाऱ्या दुकानाने वाईट दर दिलाच, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन व्यवहार रद्द करण्याचा हक्क चेक कायद्याने दिलेला आहे.

ग्रुपचा हिशेब: एकाने सगळं भरायचं आणि शेवटी मांडत बसायचं, यात मैत्र्या तुटतात. राहणं, रेल्वे आणि टॅक्सी सामाईक, ते रोज रात्री स्प्लिटवाइजसारख्या ॲपवर टाका. जेवण, बियर आणि खरेदी टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. जो पाणी पितो त्याने दुसऱ्याच्या बियरचे पैसे का भरायचे? फिरणं, खाणं आणि तिकिटं मिळून माणशी रोज ६० ते ८० युरो धरा, व्हिएन्नात वरचा आकडा.

खाणं आणि बॅग

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण कंटाळतो. प्रागला तळलेलं चीज, बुडापेस्टला लांगोश, म्हणजे तळलेल्या जाड पुरीवर आंबट साय आणि चीज. दोन दिवस मजा येते, मग वरणभात आठवतो. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, उपम्याचं आणि पोह्यांचं तयार मिश्रण, लोणच्याची छोटी बाटली, हे सगळं चेक-इन बॅगेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र बाहेरच्या देशांतून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. आजीने दिलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. बाकरवडी आणि चिवड्याला काही अडचण नाही.

बॅग एकच, स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढी. प्लगच्या दोन गोल पिना चालतात, आपल्याकडची जाड तीन पिनांची नाही. व्हिएन्नाचं नळाचं पाणी आल्प्समधून येतं, बाटलीवर पैसे घालवू नका. सार्वजनिक शौचालयांना नाणी लागतात, ती खिशात राहू द्या.

पोचल्यावर

विमानतळावर पहिल्या रांगेत वेळ जातो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. पहिल्या संध्याकाळचं कुठलंही तिकीट काढून ठेवू नका.

तिन्ही शहरांत मेट्रोच्या दाराशी फाटक फारसं नसतं, म्हणून फुकट वाटतं. कागदी तिकीट काढलंत तर ते छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. खिशात तिकीट आहे पण छाप नाही, हा तिकडे विनातिकीटच. साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात शिरतात आणि ‘आम्ही पर्यटक’ हे त्यांनी दिवसातून वीसदा ऐकलेलं असतं. व्हिएन्नात दंड शंभर युरोंच्या वर आहे. चौघांपैकी एकाने प्रत्येक शहरात उतरल्याबरोबर सगळ्यांचे पास काढायचे आणि छापायचे, हे काम नावानिशी वाटून द्या.

बुडापेस्टहून निघताना शहरातला पास विमानतळाच्या १००-ई बसला चालत नाही, तिचं तिकीट वेगळं. आणि व्हिएन्नात एकाच दुकानातून ७५ युरोंच्या वर खरेदी करून कर-परताव्याचा फॉर्म घेतला असेल, तर बुडापेस्टच्या विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमचा शिक्का घ्यायचा. वस्तू दाखवा म्हणू शकतात, आणि ती तेव्हा बॅगेच्या तळाशी नसावी.